नुसतं डाउनलोड करून ठेवा

समोरचा माणूस आपल्या चेहऱ्याकडे न बघता थेट आपल्या हातातल्या फोनकडे बघत आला, की खुशाल समजावं, याने नवं सोशल अ‍ॅप काढलंय. इतरांना आपली तब्येत विचारायची असते. याला आपल्या फोनमध्ये जागा किती शिल्लक आहे तेवढं कळलं की पुरे. ‘काय म्हणता, बरंय ना?’ असं तोही विचारतो, पण उत्तरासाठी थांबत नाही. हात पुढे करून म्हणतो, ‘द्या बघू जरा.’ आणि आपण देतो. मराठी माणूस उसने पैसे देताना दहा वेळा विचार करेल, पण ‘द्या बघू जरा’ म्हणणाऱ्याला फोन नाकारणं त्याच्या जिवावर येतं. या एका भिडेवर कितीतरी अ‍ॅप्स आपला पहिला महिना काढतात.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत असा एक आहे. तिशीला टेकलेला, इंजिनीअर, ऐरोलीची बरी नोकरी सोडून आलेला. ‘घरी बसलाय’ असं त्याची आई म्हणते. तो ‘फुलटाइम उतरलोय’ म्हणतो. नाव काही का असेना, सोसायटीत त्याला सगळे ‘नेटवर्क’ म्हणतात. जिन्यात ‘नेटवर्क आलं रे’ अशी हाळी ऐकू आली की माणसं फोन खिशात घालतात. अ‍ॅपचं नाव मात्र मी लिहीत नाही, कारण हा मजकूर छापून येईपर्यंत ते बदललेलं असेल. आतापर्यंत तीन झाली. प्रत्येक नावाला एक टी-शर्ट. बाद झालेल्या नावांचे टी-शर्ट त्याचे वडील भाजी आणायला जाताना घालतात, त्यामुळे कंपनीचा सगळा इतिहास संध्याकाळी मानपाडा रोडवरून पिशवी घेऊन चालताना दिसतो.

या माणसाची जात नवी नाही. पूर्वी हाच माणूस विम्याची पॉलिसी घेऊन यायचा. नंतर तो साखळी पद्धतीने साबण आणि टूथपेस्ट विकायला लागला, आणि नातेवाइकांनी त्याला लग्नकार्यात टाळायला सुरुवात केली. पण त्या बिचाऱ्यांच्या मालात काहीतरी दम होता. पॉलिसी तुम्ही एकट्याने काढलीत तरी तुमच्या पश्चात पैसे मिळायचे. टूथपेस्ट एकट्याने घेतली तरी दात निघायचे घासून. याचा माल असा अजब की तो एकट्याच्या काडीच्या उपयोगाचा नाही. तुम्ही घ्यायचा तर शेजाऱ्याने आधी घेतलेला हवा, आणि शेजारी म्हणतो, आधी तुम्ही घ्या. सोशल अ‍ॅपचा पहिला युजर म्हणजे पत्रिकेवरच्या वेळेला हॉलवर पोचलेला पाहुणा. खुर्च्या मांडलेल्या, सनई चालू, आणि माणूस एकटाच. तो पाच मिनिटं बसतो आणि जाऊन येतो म्हणून निघतो. दुसरा पाहुणा येतो तेव्हा त्यालाही हॉल रिकामाच दिसतो.

नेटवर्कला हे कळत नाही असं नाही. त्याला सगळं कळतं. त्याच्या बोलण्यात ‘कोल्ड स्टार्ट’ हा शब्द इतका येतो की त्याच्या आजीने त्याला एकदा आल्याचा काढा करून दिला.

त्याचं अ‍ॅप काय करतं? तर ‘हायपरलोकल सोशल’. म्हणजे जवळ राहणाऱ्या माणसांना जोडतं. कल्पना अमेरिकेतल्या नेक्स्टडोअरवरून आलेली. ते 2011 मध्ये सुरू झालं, आणि शेजारी खरंच शेजारीच राहतो का हे तपासायला त्यांनी घरोघर कोड लिहिलेली पोस्टकार्डं पाठवली. तिकडे ते चाललं, कारण तिकडे शेजाऱ्याचं तोंड बघायला बर्फ काढायचा दिवस उजाडावा लागतो. आमच्याकडे पलीकडच्या घरात कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या यावरून आज डाळ की राजमा, हे चार घरांना कळतं. शेजाऱ्यांबद्दल कमी माहिती मिळण्याची सोय कोणी काढली तर डोंबिवलीत तिला रांग लागेल. पण हे त्याला कोण सांगणार? त्यानेही पोस्टकार्डं आणली. पन्नास पैशांना एक, म्हणजे खर्चाचा प्रश्नच नव्हता. चाळीस कार्डांवर स्वतःच्या हाताने कोड लिहिले आणि ती स्टेशनजवळच्या पेटीत टाकली. चौथ्या मजल्यावरून निघालेलं पत्र पहिल्या मजल्यावर आठ दिवसांनी पोचलं. बहुतेकांनी ते विजेच्या बिलात ठेवलं. फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या आप्पांनी उलट टपाली पोस्टकार्ड पाठवलं: ‘आपले पत्र पोचले. इकडे सर्व क्षेम. आकडा कशाचा आहे ते कळले नाही.’ आप्पा रेल्वेतून निवृत्त झालेत. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

अ‍ॅप लोकांसमोर ठेवायच्या आधीच त्याची एक परीक्षा झाली होती. 2023 च्या नोव्हेंबरनंतर प्ले स्टोअरवर स्वतःच्या नावाने नवं खातं उघडणाऱ्याला गूगलने अट घातली: आधी वीस माणसांनी सलग चौदा दिवस चाचणीत राहिलं पाहिजे. वर्षभराने विसाची बारा झाली. आता बारा माणसं हा आकडा ऐकायला किती साधा वाटतो! बारशाला आपण पन्नास बोलावतो. पण एखादी गोष्ट बारा नातेवाइकांनी सलग चौदा दिवस सोडायची नाही, हे आपल्याकडे कोणत्याही धर्मकृत्यात जमलेलं नाही. नेटवर्कने आई, बाबा, दोन माम्या, बहीण, भावजी, केशकर्तनालयवाला आणि जिमचे तिघे असे करत बारा भरले. रोज सकाळी फोन. ‘काढलं नाहीस ना? फक्त काढू नकोस. बघू नकोस हवं तर.’ रामाचा वनवास चौदा वर्षांचा, पण त्याला सीतेच्या आणि लक्ष्मणाच्या भरवशावर राहायचं होतं. नेटवर्क भावजींच्या भरवशावर होता. अकराव्या दिवशी भावजींनी एक्स्चेंज ऑफरमध्ये फोन बदलला. बाराचे अकरा झाले आणि दिवस पुन्हा एकपासून. त्या रक्षाबंधनाला तो बहिणीकडे गेला नाही.

पण खरा नेटवर्क बघायचा तर त्याला एखाद्या काकूंच्या घरी सोफ्यावर बसलेला बघावा.

काकू आधीच ढाल पुढे करतात: ‘अरे, घेतलं असतं रे, पण माझ्या फोनमध्ये जागाच नाहीये.’ हे वाक्य पूर्वी बिनतोड होतं. दुसरा असता तर उठला असता. हा चप्पल काढून पुढे सरसावतो. ‘त्यात काय, करून देतो ना.’ मग फोन घेऊन मांडी घालून बसतो आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोंचं फोल्डर उघडतो. तिथे काय नसतं! उगवता सूर्य, त्यावर चहाचा कप, त्यावर गुलाब, त्यावर ‘सुप्रभात’. हेच चित्र सोमवारी महादेव, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त आणि स्वामी. कोणाच्या तरी नातवाचं जावळ, सतरा कोनांतून. किडनी स्टोनवर घरगुती उपाय, तोच व्हिडिओ नऊ जणींकडून आलेला. नेटवर्क एकेक पुसायला लागतो आणि काकू शेजारी बसून प्रत्येक चित्राची वकिली करतात. ‘तो नको काढू, तो विठोबा आहे.’ ‘काकू, असे बेचाळीस आहेत.’ ‘मग एकेचाळीस काढ.’ मध्ये पोहे येतात. दीड तासाने चार जीबी जागा मोकळी होते. त्याचं अ‍ॅप चाळीस एमबीचं. ते टाकून, काकूंचं खातं उघडून, काकूंना ओटीपी कुठे येतो ते दाखवून, काकूंचा फोटो लावून तो निघतो तेव्हा काकू मनापासून म्हणतात, ‘गुणी आहे हो पोरगा.’ दुसऱ्या दिवशी काकू शेजारच्या दोघींना घेऊन त्याच्या दारात उभ्या. ‘यांच्याही फोनमध्ये जागा नाहीये रे.’ तिघींना अ‍ॅप काय आहे ते आजही माहीत नाही. पण फोन साफ करून देणारा म्हणून नेटवर्कची कीर्ती पार दत्तनगरपर्यंत गेली आहे. माझं प्रामाणिक मत आहे की त्याने हाच धंदा करावा. त्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘काका, ते स्केल होत नाही.’

स्केल न होणाऱ्या गोष्टी आधी कराव्यात, असं एका अमेरिकन गुरूने, पॉल ग्रॅहमने, 2013 मध्ये लिहून ठेवलंय, आणि नेटवर्क ते पोथीसारखं सांगतो. पोथीत इतर अध्यायही आहेत. फेसबुक 4 फेब्रुवारी 2004 ला सुरू झालं तेव्हा हार्वर्डचा ईमेल असल्याशिवाय आत घेत नसत. जीमेल त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलं आणि निमंत्रणाशिवाय मिळत नसे. आमच्या ऑफिसात त्या निमंत्रणासाठी माणसं साहेबाशी गोड बोलत होती. ऑर्कुटही तसंच. टाळेबंदीत क्लबहाउस आलं, फक्त आयफोनवाल्यांसाठी आणि फक्त बोलावलेल्यांसाठी, आणि भलीभली माणसं ‘एक इन्व्हाइट आहे का हो?’ म्हणत फिरली. 2021 च्या जुलैत त्यांनी दार सताड उघडलं, तोवर गर्दी आपापल्या कामाला लागली होती. या सगळ्यातून नेटवर्कने एक सार काढलं: दार बंद ठेवलं की लोक ठोठावतात. त्याने दार बंद केलं. फक्त निमंत्रितांसाठी, तेही फक्त डोंबिवली पूर्वेसाठी. कोणीही ठोठावलं नाही. हार्वर्डच्या बंद दारामागे हार्वर्डची पोरं होती. याच्या बंद दारामागे त्याच्या दोन माम्या होत्या. शेवटी त्याने प्रत्येकाला पाच-पाच निमंत्रणं वाटायला दिली, तेव्हा आमच्या हिने विचारलं, ‘आहेर आणायचा की नाही ते लिहिलंय का?’

मग रेडिटचा अध्याय आला. 2005 मध्ये ते सुरू झालं तेव्हा ओसाड दिसू नये म्हणून संस्थापकच खोट्या नावांनी मजकूर टाकत होते, हे त्यांनीच पुढे सांगितलं आहे. नेटवर्कने रात्री बसून सात माणसं निर्माण केली. एक ठाणेकर, एक पुणेकर. दोघांचं मिसळीवरून रोज भांडण. दोन्हीकडून हाच लिहायचा, आणि गंमत म्हणजे पुणेकर दरवेळी जिंकायचा. एक शांत, समजूतदार मुलगीही केली. ती दोघांना आवरायची, मोदकाच्या उकडीबद्दल नेमकं काहीतरी सांगायची, पुस्तकं वाचायची. आठ दिवसांनी जेवताना त्याची आई म्हणाली, ‘तुझ्या त्या अ‍ॅपवरची ती मुलगी कोण रे? किती नीट लिहिते. लग्न झालंय का तिचं?’ त्याचा घास घशात अडकला. आईने तोवर तिला निरोपही पाठवला होता. पुढचे चार दिवस त्याला आईच्या प्रश्नांची उत्तरं मध्यरात्री उठून, लाजून द्यावी लागली. शेवटी त्याने मुलीला कॅनडाला पाठवलं. आई अजून हळहळते. ‘अशी स्थळं पुन्हा येत नाहीत’ हे ती त्याला महिन्यातून एकदा तरी ऐकवते.

हॉटमेलची युक्ती मात्र त्याच्या अंगाशी आली. 1996 मध्ये प्रत्येक ईमेलच्या तळाशी आपली एक ओळ चिकटवून ते जगभर पसरलं. नेटवर्क सोसायटीच्या नोटिसा टाइप करायचा. ‘उद्या टाकी साफ करणार असल्याने पाणी येणार नाही’ याच्याखाली ‘गप्पांसाठी आजच डाउनलोड करा’ हे लोकांनी चालवून घेतलं. पण बी विंगमधल्या आजोबांच्या अंत्ययात्रेच्या नोटिशीखालीही ती ओळ गेली, आणि समितीने त्याच्याकडून प्रिंटर काढून घेतला.

पैसे वाटायचा मार्ग उरला होता. गूगलने 2017 साली ‘तेज’ आणलं तेव्हा मित्राला ओढून आणलं की दोघांना एक्कावन्न रुपये मिळायचे. त्याचं पुढे गूगल पे झालं, आणि 2019 च्या दिवाळीत दोनशे एक्कावन्न रुपयांसाठी अख्खा देश ‘रांगोळी’चा एक स्टॅम्प शोधत फिरला. दहा वर्षं न बोललेल्या माणसांनी ‘रांगोळी आहे का?’ म्हणून मेसेज केले. नेटवर्कच्या खिशात गूगलचे पैसे नव्हते, म्हणून त्याने स्टेशनबाहेरच्या गाडीवाल्याशी ठरवलं: अ‍ॅप टाका, वडापाव खा. दुपारभरात दीडशे जण. त्याने मला फोनवर आकडा सांगितला तेव्हा त्याचा आवाज कापत होता. संध्याकाळी आकडा उतरायला लागला. माणसं एका हाताने वडा खात होती आणि दुसऱ्या हाताने अ‍ॅप काढत होती. दोन्ही बरोबरच संपत होतं. गाडीवाल्याने मात्र त्या दिवशी चार नवी गिऱ्हाइकं कायमची जोडली. ती अजून रोज येतात, एकही नोटिफिकेशन न पाठवता.

दिवाळीच्या पहाटे तो फडके रोडला गेला. तिथे दरवर्षी नटूनथटून आलेली तरुण पोरं गर्दी करतात, आणि ज्याला भेटायचं तो तिथे समोरच उभा असतो. सदऱ्याच्या पाठीवर क्यूआर कोड छापून हा त्या गर्दीत फिरला. दोघांनी स्कॅन केला. दोघांनाही तो गणेश मंदिराच्या देणगीचा वाटला होता.

त्याचा सगळ्यात मोठा मोर्चा होता लोकलवर. सकाळच्या फास्टच्या डब्यात त्याने पाऊल ठेवलं आणि त्याचे डोळे पाणावले. हवं ते सगळं तिथे होतं: रोजची तीच माणसं, ठरलेल्या जागा, वाढदिवसाला पेढे, दसऱ्याला डब्याची पूजा, एका टोकाला भजन आणि दुसऱ्या टोकाला पत्ते. त्याने ठाण्यापर्यंत आपलं अ‍ॅप समजावून सांगितलं. खिडकीजवळच्या एका बुजुर्गांनी टाळ खाली ठेवून विचारलं,

‘गाडी लेट आहे का, हे सांगतं का?’

‘नाही. म्हणजे ते तुम्हीच एकमेकांना सांगायचं.’

‘ते आम्ही आत्ताही सांगतोच आहोत.’

‘पण अ‍ॅपवर सांगितलंत तर सगळ्यांना कळेल.’

‘सगळे इथेच आहेत.’

त्यावर डबा हसला, आणि मुलुंडपासूनचं अर्धवट राहिलेलं भजन घाटकोपरला संपलं. उतरताना त्यांच्यातल्याच एकाने त्याला आपला फोन दाखवला. त्यात एम-इंडिकेटर होतं. सचिन टेके यांचं हे अ‍ॅप मुंबईकरांच्या फोनमध्ये गेली पंधराएक वर्षं ठाण मांडून बसलंय, आणि ते का बसलंय याचं उत्तर त्या डब्यात कोणीही देईल: वेळापत्रक बघायला. तुमच्या ओळखीचं एक चिटपाखरू त्यात नसलं तरी पुढची कर्जत किती वाजता, हे ते सांगणारच. प्रवाशांच्या आपसातल्या गप्पा तिथेही आहेत, ‘कुर्ल्याला थांबलीये’ वगैरे, पण माणूस आला गाडीसाठी आणि मग बोलायला लागला. नेटवर्कने माणसांना थेट बोलायलाच बोलावलं होतं. कारण नसताना बोलावलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘काय विशेष?’ आणि विशेष काही नसतं. हे मी त्याला चहा पाजून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, वहीत लिहून घेतलं, आणि म्हणाला, ‘म्हणजे काका, वेळापत्रक टाकू?’

मधल्या काळात ‘कू’ हे देशी सोशल अ‍ॅप बंद पडलं. 2020 मध्ये टिकटॉक आणि इतर अठ्ठावन्न अ‍ॅप्सवर बंदी आली, देशी अ‍ॅप्सचं पेव फुटलं, त्या लाटेत तो पिवळा पक्षी उडाला, मंत्र्यांनी खाती उघडली, कोट्यवधींनी डाउनलोड केलं, आणि 2024 च्या जुलैत तो बसला. त्याआधी ‘हाइक’ गेलं होतं. ‘कू’ गेलं त्या दिवशी नेटवर्क जेवला नाही. घरातलं कोणी गेल्यासारखा खाली कट्ट्यावर बसून राहिला. मग संध्याकाळी अचानक उठून म्हणाला, ‘काका, मार्केट मोकळं झालं!’ या जातीच्या माणसाला निराशा होते, पण ती त्याला पुरत नाही.

आणि आता आप्पा.

रात्री सगळे झोपले की नेटवर्क आपला तक्ता उघडतो. पहिल्या दिवशी किती आले, सातव्या दिवशी किती उरले, तिसाव्या दिवशी किती. सगळ्या रेघा डोंगरावरून कोसळलेल्या. फक्त तळाशी एक रेघ सरळ, आडवी, ढिम्म. एक माणूस. रोज येतो, सहा-सहा वेळा येतो, रोज लिहितो, एकही दिवस चुकवत नाही. असा युजर मिळावा म्हणून लोक कोट्यवधी ओततात. तो निघाला तिसऱ्या मजल्यावरचा. नेटवर्कच्या पोथीत लिहिलंय की असा माणूस सापडला तर त्याच्या पायाशी बसून विचारावं, तुला काय आवडलं? तो मला बरोबर घेऊन गेला, लिहून घ्यायला कोणीतरी हवं म्हणून.

आप्पांनी आधी स्वयंपाकघराचं दार लोटलं. मग चष्मा लावून, आवाज खाली घेऊन, आपलं साहित्य आम्हाला वाचून दाखवलं. ‘आज उपम्यात मीठ नव्हतं. बोललो नाही.’ ‘चिरंजीवांनी नवा टीव्ही आणला. जुना चांगला होता. बोललो नाही.’ ‘सेक्रेटरी आज फार गोड बोलला. काम असणार. बोललो नाही.’ मधूनच थांबून त्यांनी ‘चिरंजीव’ला दीर्घ कसा टाइप करायचा ते विचारून घेतलं.

‘आप्पा, आपल्या अ‍ॅपमधलं तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडतं?’ नेटवर्कने विचारलं. त्याचा कंठ दाटला होता.

‘कुणी नाही तिथे.’

‘म्हणजे काहीतरी आवडत असेलच ना?’

‘अरे, तेच सांगतोय. कुणी नाही तिथे. फार छान केलंत तुम्ही हे. व्हॉट्सअ‍ॅपवर हिचा भाऊ आहे. फेसबुकवर विहीणबाई. तुमच्याकडे एक मुलगी होती, तीही कॅनडाला गेली. बरी होती, कमी बोलायची.’

नेटवर्कने कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान उलटं केलं आणि आप्पांना शिकवायला बसला. दोन माणसं असली की धागा एक. पाच असली की दहा. शंभर असली की चार हजार नऊशे पन्नास. माणूस एक वाढतो, पण धागे भराभर वाढतात, आणि सगळी गोडी त्या धाग्यांत असते. मेटकाफ नावाच्या इंजिनीअरचं हे गणित आहे. आप्पांनी पान हातात घेऊन नीट तपासलं. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात आयुष्य गेलेलं.

‘आमच्या भावकीत कर्ती माणसं बारा. तुझ्या हिशेबाने किती झाले?’

‘सहासष्ट कनेक्शन्स, आप्पा!’

‘बरोबर आहे. त्यांतली साठ बोलत नाहीत. सहा कोर्टात आहेत.’

पुढे जे झालं ते कोणत्याच पोथीत नाही. आप्पांनी गणेश मंदिराजवळच्या बाकावरच्या आपल्या दोस्तांना ही गोष्ट सांगितली. आठवड्याभरात तिघे आपण होऊन आले. वडापाव नाही, निमंत्रण नाही, फोन साफ करणं नाही. त्यांनी आणखी काही जणांना सांगितलं. नेटवर्कच्या तक्त्यावरची रेघ जन्मात पहिल्यांदा वर जायला लागली. प्रत्येकाची अट एकच: बाकावरच्या बाकीच्यांना मी दिसता कामा नये. एकाने ‘कनेक्ट’चं बटण काढायला सांगितलं, चुकून बोट लागेल म्हणून. दुसऱ्याने ‘लाइक’ बंद करवलं. हळूहळू अ‍ॅपमध्ये लिहायची जागा तेवढी उरली. मी म्हटलं, ‘आप्पा, ही तर रोजनिशी झाली. वहीत का नाही लिहीत?’ आप्पांनी माझ्याकडे दयेने बघितलं. ‘वही ही वाचते.’

नेटवर्क दोन रात्री झोपला नाही. अकरा माणसं, अकराच्या अकरा रोज येणारी, आणि धागे शून्य. हे गुंतवणूकदाराला कुठल्या तोंडाने सांगायचं? त्याने ठरवलं, हळूच पन्नास तरुण आत सोडायचे. तशी नोटीसही अ‍ॅपवर लावली: ‘लवकरच येत आहेत नवे मित्र!’ दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आप्पा त्याच्या दारात. बंडीच्या खिशातून त्यांनी शंभराच्या बारा नोटा काढल्या आणि टीपॉयवर मोजून ठेवल्या.

‘महिना शंभर. वर्षाचे आगाऊ. कुणाला आणायचं नाही. बाकीचे दहाजण उद्या देतील, मी बोललोय.’

नेटवर्कने नोटांकडे बघितलं. अ‍ॅप काढल्यापासून बाहेरून आलेले हे पहिले पैसे. त्याच्या आईने आतून पाणी आणलं, आणि नोटा बघून पाण्याचा पेला परत नेऊन चहा टाकला.

‘पावती लागेल,’ आप्पा म्हणाले.

स्टेशनरीवाल्याकडचं एक पावतीपुस्तक टी-शर्टांच्या खोक्यात पडलेलं होतं. नेटवर्कने ते शोधून काढलं, कार्बन घातला, आप्पांचं नाव लिहिलं, रक्कम अक्षरी लिहिली, आणि ‘कशाबद्दल’ या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं.

‘काय लिहू, आप्पा?’

आप्पा चहात बिस्किट बुडवत होते. ‘मेंटेनन्स लिही.’